दोन्ही हात सोडून

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सहाला उठलो. मोटारसायकलवर तलावावर गेलो, शिरूरपासून चार किलोमीटर. पाण्याचे तापमान २३ अंश. गुडघाभर पाण्यात वीस मिनिटे उभा राहिलो. बोर्ड काठावरच होता. आठला घरी आलो. बायकोला, मंजुश्रीला, सांगितले, फिरायला गेलो होतो, डॉक्टरांनी शुगरसाठी फिरायला सांगितले आहे. ती बरं म्हणाली.

ही वही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली आहे. मी तिथे सहायक आहे. निरीक्षणे सोडून काही लिहायची मला सवय नाही. पण यासेर म्हणाला, रोज काय जमले ते लिहा, सिधूसुद्धा शिकताना लिहायचा.

सिधू म्हणजे सिद्धलिंग, माझा धाकटा भाऊ. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तो आणि यासेर मिळून लोकांना सर्फिंग शिकवायचे. एक फेब्रुवारीला सिधू एकटाच समुद्रात गेला. बोर्ड त्याच दिवशी किनाऱ्याला लागला. सिधू तिसऱ्या दिवशी.

दिवाळीत यासेरचा फोन आला. सर्फिंग करणाऱ्यांत रीत आहे म्हणे. आपला माणूस गेला की सगळे आपापल्या बोर्डावर बसून समुद्रात जातात, गोल करतात, एकमेकांचे हात धरतात आणि फुले सोडतात. वर्ष होईल त्या दिवशी ते सिधूसाठी करणार आहेत. गोलात सिधूचा बोर्ड असणार. यासेर म्हणाला, घरचे कोणी त्यावर बसले तर बरे. नाही तर मी तो माझ्या बोर्डाला बांधून नेईन, रिकामा.

मी येतो म्हणालो. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि मला पोहता येत नाही.

यासेरने नारळाच्या ट्रकमधून बोर्ड पाठवला आहे. तो म्हणाला, तिथे जाकीट देतो, बुडणार नाही. फक्त बोर्डावर दोन्ही हात सोडून बसता आले पाहिजे, कारण गोलात हात दुसऱ्यांच्या हातात असतात. बाकी काही नको.

५ नोव्हेंबर

तापमान २३.

बोर्ड मकबूलचाचांच्या खोपीत ठेवला आहे. तलावात मासे धरण्याचा ठेका त्यांच्याकडे आहे. साठीच्या पुढचे आहेत. बोर्ड पाहून म्हणाले, "सर, हा दरवाजा कोन्त्या घराचा काढून आनला?"

"दरवाजा नाही चाचा. यावर समुद्रात बसतात."

"बसायला दरवाजा? मंग उभं राहायला काय, खिडकी?"

त्यांनी इतरांनाही तेच सांगितले असावे, कारण आज दुधाच्या गाडीवाल्यानेही विचारले, दरवाजा कसा आहे.

मासे आणि बोर्ड एका जागी नकोत असे मला वाटत होते, पण बोलायला संकोच वाटला. त्यांनीच विषय काढला. "लिंगायताच्या दरवाज्याला मच्छीचा वास लागू देनार न्हाई. निश्चिंत ऱ्हावा."

त्यांनी बोर्डाला एक लांब दोरी बांधली आणि टोक स्वतःच्या हातात ठेवले. मी पालथा झोपलो. काठापासून दहा फूट. डोळे मिटलेले.

९ नोव्हेंबर, रविवार

तापमान २२. वीस फूट. हातांनी पाणी मागे सारायचे असते. छाती इतकी धडधडत होती की बोर्डालाही ती लागत असावी.

चष्म्याला मागून इलास्टिक लावले आहे, पण काचेवर थेंब बसले की काही दिसत नाही. पुसायला दोन हात लागतात. म्हणून दर वेळी काठावर यावे लागते.

मकबूलचाचा रोज येतात. त्यांना विचारले, थंडीत इतक्या सकाळी मासे लागतात का. म्हणाले, "न्हाई लागत. म्हनून तर बसतो."

त्यांनी काढा दिला. आले, मिरे, गवती चहा. अगदी आमच्या घरच्यासारखा. फ्लास्क हिरवा, झाकणाला पोचा आलेला. आमच्याकडेही असाच होता, हल्ली दिसत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तापमान २१. उठून बसायचा प्रयत्न केला. तीनदा पडलो. पाणी छातीपर्यंतच होते, तरी ओरडलो. चाचा हसले नाहीत. त्यापेक्षा हसले असते तर बरे.

पडताना दर वेळी विहीर आठवते. मी अकरा वर्षांचा असताना अप्पांनी कमरेला वाळके भोपळे बांधून मला विहिरीत सोडले. मी शिडी धरली आणि ती सोडली नाही. अप्पांनी माझी बोटे एकेक करून उघडली, तरी सोडली नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. दोन उन्हाळ्यांनंतर सिधूची पाळी आली. तो सहा वर्षांचा. त्याच्या कमरेच्या दोरीचे टोक धरून मी पायरीवर बसायचो. बाकी मुलांचे भाऊ पाण्यात असायचे, मी पायरीवर. मे महिनाभर. तेवढेच मी केले.

मोठा झाल्यावर तो दर हिवाळ्यात बोलवायचा. अण्णा, ये ना, समुद्र बघून तरी जा. सहा हिवाळे मी गेलो नाही. परीक्षा असतात असे सांगायचो. परीक्षा काही हिवाळाभर नसतात, हे त्याला माहीत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

यासेरला फोन केला. त्याला एक विचारायचे होते. सिधूच्या गळ्यात दोरीला काही बांधलेले असायचे का. तो म्हणाला, पांढऱ्या कापडात काहीतरी असायचे, ते काय असते? मी सांगितले, इष्टलिंग. आमच्यात दीक्षा देताना गुरू देतात. ते जन्मभर अंगावर असते, सकाळी तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर मातीत जाते.

सिधूला आणले तेव्हा त्याच्या गळ्यात काही नव्हते. स्वामींनी दुसरे लिंग त्याच्या हातात ठेवले. आमची आई, अव्वा, तेव्हापासून एकच बोलते. त्याने काढून ठेवले असेल. तिथल्या लोकांत लाज वाटली असेल. म्हणून पाण्याने नेले. परके लिंग घेऊन गेला माझा लेक.

यासेरने त्याची खोली स्वतः आवरली होती. त्यात काही सापडले नाही. म्हणजे कुठेतरी टाकूनच दिले असेल, असे मीही आता धरून चाललो आहे. पाण्यात जाताना माझे लिंग शर्टाच्या आत नीट आहे ना, हे मी तीनदा पाहतो. चाचा म्हणाले, दोरी कशात अडकंल, काढून माझ्यापाशी ठेवा, मी हात धुऊन धरतो. मी नको म्हणालो.

३० नोव्हेंबर

तापमान २०. बसलो. दोन्ही हातांनी बोर्ड धरून, तीन मिनिटे.

७ डिसेंबर

तापमान १९. इथे लाट नाही. चाचा ट्रकच्या ट्यूबवर बसून माझ्याभोवती फेऱ्या मारतात आणि वल्ह्याने पाणी हलवतात. "घ्या सर, समुद्र." एक हात सोडला. पाच मोजेपर्यंत. पडलो.

घरी अंघोळीचे पाणी कडक तापलेले होते. मंजुश्री म्हणाली, बंब चुकून जास्त पेटला. हे या आठवड्यात तिसऱ्यांदा.

२१ डिसेंबर, रविवार

शुक्रवारचे आज लिहितो आहे. त्या दिवशी लिहिता आले नाही.

शुक्रवारी वेळा अमावस्या होती. सगळे गाव शेतात गेलेले. आम्ही मंजुश्रीच्या भावाच्या शेतात होतो. अव्वाही होती. पूजा झाली, भज्जी आणि आंबील पानात पडायची होती. मला वाटले, आज तलावावर कोणी नसेल, चाचांच्या दोरीशिवाय एकदा करून पाहू. म्हणालो, प्रयोगशाळेची किल्ली दारालाच राहिली, जाऊन येतो. मंजुश्री ज्वारीच्या आड फोनवर कोणाशी तरी बोलायला लागली होती, तिने मान हलवली.

तापमान १९. काठावर कोणी नाही. दोरी न बांधता चाळीस फूट गेलो. उठून बसलो. चष्म्यावर थेंब होते. पुसावा म्हणून एक हात उचलला.

पडलो. नाकात पाणी गेले. वर यायला गेलो तर गळा खाली ओढला गेला. तिथे जाळे लावलेले होते आणि माझ्या गळ्यातली दोरी जाळ्याच्या दोरात अडकली होती. मी जितका वर जाई तितकी ती आवळे. हातांनी काय केले ते आठवत नाही. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, निरीक्षण नाही. मग गळ्याशी तटकन काहीतरी तुटले आणि तोंड पाण्याबाहेर आले. बोर्ड पायाला पट्टीने बांधलेला असतो, म्हणून जवळच होता. त्याला मिठी मारली आणि ओरडत राहिलो.

चाचा ट्यूबवर आले. माझी कॉलर धरून मला बोर्डासकट काठाला नेले. त्यांच्या मिशीला आंबील लागलेली होती.

"तुम्ही इकडे कसे?"

"जाळं बघाया."

"आज, अमावस्येला?"

"मच्छीला कसली आली अमावस्या?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमचा देव कुठाय?"

गळ्यात काही नव्हते.

त्यांनी जाळे दोनदा पूर्ण ओढून काढले. बुड्या मारून हाताने गाळ चाचपडला. मासे निघाले. लिंग निघाले नाही. चाचा त्या मासळीला हात न लावता तशीच पाण्यात सोडून आले.

२४ डिसेंबर

तलावावर गेलो नाही.

सकाळी पूजेला बसतो. अव्वा माझ्या डाव्या बाजूला बसते. मी भिंतीकडे तोंड करतो आणि रिकामी मूठ समोर धरतो. पाणी घालतो, ते बोटांतून गळते. विभूती लावतो. लिंग हरवलेल्या माणसाने अन्न घेऊ नये असे लहानपणी ऐकले आहे. मी जेवतो. घास उतरत नाही, पण जेवतो, कारण न जेवल्यास अव्वा विचारेल.

पाण्याची भीती वेगळी होती. ती काठावर आले की कमी व्हायची.

२७ डिसेंबर

अव्वा म्हणाली, "विरू, भिंतीत काय दिसायलंय तुला?"

मी म्हणालो, उजेड डोळ्यावर येतो. न वळताही खिडकी मागेच असते.

२९ डिसेंबर, सोमवार

आज रिकामी मूठ धरून बसलो होतो तेव्हा सरळ दिसले. इतके दिवस का दिसले नाही, कळत नाही.

मी लिंग काढले नव्हते. तरी माझ्या गळ्यात नाही. त्या दिवशी माझे प्रेत पाण्यातून निघाले असते तर लोक म्हणाले असते, यानेही काढून ठेवले.

सिधूने काढले नसेल. त्याचीही दोरी तुटली असेल.

हे अव्वाला सांगितले पाहिजे. ते सांगायचे तर बाकीचेही सगळे सांगावे लागेल. मला भीती वाटते. तिच्या एका लेकाला पाण्याने नेले आहे आणि दुसरा तिला फसवून पाण्यात जातो आहे.

३१ डिसेंबर

सांगितले. अव्वा चुलीपुढे शेंगदाणे भाजत होती. घरात गॅस असूनही तिची चूल आहे. मी खाली बसलो आणि बोर्डापासून जाळ्यापर्यंत सगळे सांगितले. दाणे करपले. मंजुश्री दारात उभी होती, तिला आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. धक्का बसला असेल.

अव्वा म्हणाली, "सोडलीस का तुटली?"

"तुटली."

"माझ्या गळ्याची आन घे."

"तुझी आण अव्वा. तुटली. पाण्यात ओढ बसली, आपोआप तुटली."

"मी वळलेली दोरी?"

"हो."

घरातल्या सगळ्यांच्या लिंगाच्या दोऱ्या तीच वळते. सिधूची पण तिनेच वळून पाठवलेली असायची.

तिने कढई चुलीवरून उतरवली. मग म्हणाली, "तुटली म्हनून तू वर आलास."

मी हो म्हणालो.

"मंग त्याचीबी तुटली आसंल. तुटूनबी तो वर आला न्हाई." तिने पदर तोंडाला लावला. "लेकराला वरीसभर बोल लावला मी. मेलेल्याला."

मी चुलीतले लाकूड मागे ओढले. थोड्या वेळाने तिने करपलेले दाणे निवडायला सुपात घेतले आणि म्हणाली, "कवा हाय ते? फुलं सोडायचं?"

"एक फेब्रुवारीला. पण मी जात नाही आता."

"मंग त्याच्या फळीवर कोन बसनार?"

"यासेर रिकामी बांधून नेईल."

"रिकामी," अव्वा म्हणाली. "तुला घाबरायला दुसरं काय काम हाय का? जा. घाबरत जा."

४ जानेवारी २०२६, रविवार

स्वामींकडे जाऊन आलो. त्यांनी बरेच ऐकवले. नवे लिंग दिले. अव्वाने नवी दोरी वळली आहे, आधीपेक्षा जाड नाही, आधीइतकीच. मी जाड कर म्हणालो होतो. म्हणाली, "तुटायला पाहिजे तवा तुटली पाहिजे." पाण्यात जाताना गळ्यात नाही, दंडाला बांधायचे, असे तिने ठरवले. स्वामींना विचारले नाही.

११ जानेवारी

तापमान १८. सर्वांत कमी. चाचांनी जाळी तलावाच्या दुसऱ्या टोकाला नेली आहेत. ते म्हणाले, तिकडं मच्छी जास्त हाय. तिकडे पाणी उथळ आहे.

दोरी बांधून बसलो. आता मला आधीपेक्षा जास्त भीती वाटते. आधी काय होईल ते माहीत नव्हते. एक हात, दहा मोजेपर्यंत.

१८ जानेवारी

एक हात, तीस. दोन्ही हात, दोन. पडलो नाही, घाबरून परत धरले.

२५ जानेवारी

तापमान १९. दोन्ही हात, सात. आठला पडलो. चाचा काठावरून ओरडले, "सर, समुद्रात धरायला मानसं हायेत ना दोन्हीकडं? मंग! इथं काय म्हशी हायेत."

परवा निघायचे. मंजुश्रीने बॅग भरली आहे. त्यात चष्म्याचे जादा इलास्टिक आहे. मी तिला इलास्टिकबद्दल कधी बोललो नव्हतो.

१ फेब्रुवारी, रविवार

झाले. थर्मामीटर खोलीवर राहिला, नोंद नाही.

अकरा बोर्ड होते. सकाळी सातला निघालो. माझ्या डावीकडे यासेर, उजवीकडे मनतशा नावाची मुलगी, सिधूकडे शिकून ती आता स्वतः शिकवते. लाटा अंगावर आदळत होत्या. तलावात पाणी एका जागी असते, इथे ते अंगाखालून निघून जाते आणि परत येते. मला दोनदा ओकारी आली. परत चला म्हणायचे होते, पण तोंड उघडले की खारे पाणी येत होते.

लाटांच्या पलीकडे गेल्यावर सगळे उठून बसले. मीही बसलो. त्या दोघांनी माझे हात धरले. मी त्यांचे धरले म्हणणे जास्त बरोबर आहे. मनतशाच्या मनगटावर माझ्या नखांचे वण उठले आहेत. यासेर काहीतरी बोलला. मग सगळ्यांनी हात सोडून फुले टाकली. मला हात सोडता आले नाहीत. यासेरने त्याचा एक हात कसाबसा सोडवून घेतला, माझ्या खिशातून अव्वाने दिलेली शेवंती काढली आणि पाण्यावर ठेवली. मला ती दिसली नाही. चष्म्यावर पाणी होते.

काठावर आल्यावर वाळूत बसलो. मनतशा मनगट चोळत शेजारी बसली. म्हणाली, "अण्णा, सिधूसर नव्या माणसाची दोरी धरायला नेहमी घाबरट पोरगा निवडायचे. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, माझी दोरी माझ्या अण्णाने धरली होती. घाबरणारा माणूस दोरी सोडत नाही."

मी मान खाली घालून पायाची पट्टी सोडत होतो. ती लवकर सुटली नाही.

४ फेब्रुवारी

शिरूरला परत. यासेर बोर्ड ठेवून घ्यायला तयार होता, मी परत आणला. जाकीटही दिले त्याने.

अव्वाने एवढेच विचारले, "फुलं बुडाली का तरंगली?" मी तरंगली म्हणालो. मला माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मकबूलचाचा नातीच्या, लायबाच्या, साखरपुड्याला बिलोलीला गेले आहेत. जाताना खोपीची किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, मी येईपर्यंत पान्यात पाय न्हाई टाकायचा. मी हो म्हणालो.

आमचा हिरवा फ्लास्क आज फडताळात दिसला. मंजुश्रीला विचारले, तर म्हणाली, इथेच तर होता. पोचाही तसाच आहे. असे फ्लास्क पूर्वी बरेच यायचे.

सकाळी निघताना म्हणाली, "आज मकबूलभाई नाहीत ना?" मी नाही म्हणालो. थोडा वेळ ती दाराची कडी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, जाकीट घाला." आणि आत गेली.

तापमान २१. जाकीट घातले. लिंग दंडाला बांधले, तीनदा पाहिले. बोर्डाला बांधायची दोरी खोपीत होती, पण धरायला कोणी नव्हते, म्हणून तिथेच ठेवली. पालथा झोपून मध्यापर्यंत गेलो. काठ लांब दिसत होता. छाती पहिल्या दिवसासारखीच धडधडत होती. त्यात काही सुधारणा नाही, तशी नोंद करतो.

उठून बसलो. काचांवर थेंब होते, काठ दिसेनासा झाला. परत फिरायला हवे होते. मी दोन्ही हात सोडले, चष्मा काढला, शर्टाचे टोक जाकिटाखालून ओढून घेतले आणि दोन्ही काचा पुसल्या. मग घातला.